स्कॉटलंडच्या रेल्वेत डावीकडे बसावं की उजवीकडे?

स्कॉटलंडमध्ये रेल्वेने फिरताना कोणत्या बाजूची खिडकी घ्यावी आणि कोणत्या महिन्यात जावं, या प्रश्नाचं हे थोडक्यात उत्तर. पश्चिम स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यम गावाहून मॅलेग बंदराकडे जाताना डावी बाजूच घ्या. ग्लेनफिनन पूल वळणावर आहे, त्यामुळे डावीकडून आपल्याच गाडीचे पुढचे डबे २१ कमानींवरून वळताना दिसतात, आणि लगेच लॉक शील तलावही त्याच बाजूला उघडतो. परतीला अर्थात उजवी.

रॉयल स्कॉट्समन या आलिशान, मुक्कामी पर्यटन गाडीत ही चिंता कमी, कारण शेवटच्या डब्याला उघडा सज्जा आहे. गाडी रात्री थांबवून ठेवतात, म्हणून झोप शांत लागते. पण तिच्या सगळ्या सहली एकाच मार्गाने जात नाहीत. पैसे भरण्याआधी त्या तारखेच्या मार्गात रॅनक मूर हा दलदलीचा माळ आणि ग्लेनफिनन आहे का, हे नक्की बघा. रॅनकची दलदल फारच सुंदर! तिथे रूळ टिकावेत म्हणून खाली झाडांची मुळं, फांद्या, माती आणि राख यांचा थर घातलेला आहे.

महिना मे धरा. उजेड रात्री नऊनंतरही असतो आणि मिजेस नावाची चावरी चिलटं अजून वाढलेली नसतात. जून ते ऑगस्टमध्ये वारा पडला की सज्जात उभं राहवत नाही. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो.

रॉयल स्कॉट्समनच्या केबिन अरुंद असतात. कडक सुटकेसऐवजी पलंगाखाली सरकेल अशी मऊ बॅग न्या. औपचारिक जेवणासाठी सूट किंवा साडी हवीच.