व्हीआयए तपासणीला बायका नाव देतात, पण येत नाहीत. त्यांना नेमकं काय सांगायचं?

करवीर_गटप्रवर्तक
उपकेंद्रावर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी (व्हीआयए) लावली की आशाताई घरोघरी फॉर्म भरून घेतात. तिशीच्या पुढच्या बायका नावं देतात आणि त्या दिवशी बऱ्याच जणी फिरकत नाहीत. "मला काय झालंय?" आणि "एकदा गेलं की पिशवी काढायला लावतात" ही दोन उत्तरं सारखी ऐकू येतात. घाबरवून कुणाला आणायचं नाही. पण निर्णय घेताना त्यांना कोणती माहिती कमी पडते?

सिस्टर_कागल
ताई, पिशवीची भीती आधी घ्या. ती मनात असेपर्यंत बाकीचं कानावरून जातं. पत्रकात "लवकर निदान, लवकर उपचार" असतं, पण तपासणीत काही निघालं तर पुढे काय, हे नसतं.

सगळं क्रमानं सांगा. तपासणी काही मिनिटांची. यंत्रानं पिशवीचं तोंड दिसेल असं करतात, 3 ते 5 टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात, एक मिनिट थांबून पांढरा चट्टा उठतो का बघतात. चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. नुसत्या जंतुसंसर्गानं, सुजेनंही उठतो. मग कॉल्पोस्कोपी (भिंगातून जवळून तपासणी), गरज वाटली तर बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणं). कॅन्सरपूर्व बदल असेल तर बहुतेक वेळा क्रायो उपचारानं तेवढाच भाग गोठवतात किंवा थर्मल उपचारानं जाळतात, पिशवी जागेवर राहते. नुसत्या चट्ट्यावरून कुणी ऑपरेशन सुचवलं तर "बायोप्सीचा रिपोर्ट दाखवा" म्हणायचं आणि सीपीआरच्या (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) स्त्रीरोग विभागात दुसरं मत घ्यायचं, हेही सांगून ठेवा.

एक गोष्ट हमखास राहून जाते. या उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखं अंगावर जातं आणि साधारण महिनाभर संबंध टाळावे लागतात. हे उपचारानंतर कळलं तर घरात भांडण होतं, आणि शेजारणींपर्यंत तेवढंच पोचतं.

बाकी नियोजन. पाळी चालू असताना आणि गरोदरपणात ही तपासणी करत नाहीत, म्हणून एकच तारीख देऊ नका. दहा-बारा दिवसांच्या अंतरानं दोन द्या. सकाळी धारा काढून डेअरीला दूध घालायची वेळ धरू नका, अकरानंतर बोलवा. भांगलणीच्या दिवसांत तर शिबिर लावूच नका. खोलीला पडदा हवा, कडी आतून लागायला हवी.

स्त्रीरोगतज्ज्ञ_कोल्हापूर
"मला काय झालंय?" हा प्रश्न योग्यच आहे, त्याला सरळ उत्तर द्या: काही झालेलं नसतानाच ही तपासणी करायची असते. संबंधांनंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं यातलं काही असेल तर तिला शिबिराच्या रांगेत उभं करू नका, थेट स्त्रीरोग ओपीडीला पाठवा. अशा वेळी शिबिरातली व्हीआयए निगेटिव्ह आली म्हणून घरी बसणं धोक्याचं.

फायदा सांगताना टक्के नकोत, माणसं मोजून सांगा. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) 30 ते 59 वयाच्या बायकांमध्ये मोठा अभ्यास झाला, 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटाला एकदा एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीसाठी बोलावलं त्यात आठ वर्षांत दर दहा हजारांमागे साधारण 10 जणी या कॅन्सरनं गेल्या. नेहमीच्या सेवेवर ठेवलेल्या गटात साधारण 20. म्हणजे बहुसंख्य बायकांना कधीच काही होणार नव्हतं, आणि तरीही मृत्यू निम्म्यावर आले. दोन्ही वाक्यं सांगा. पहिलं लपवलं की विश्वास जातो.

पाळी गेल्यावर जिथं बदल सुरू होतो तो भाग आत सरकतो, त्यामुळे पन्नाशीनंतर व्हीआयए कमी भरवशाची; परवडत असेल तर एचपीव्ही चाचणी बरी. ती पॉझिटिव्ह आली की संशय नवऱ्यावर किंवा बायकोवर जातो. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, त्यावरून कुणाच्या वागणुकीचा निष्कर्ष निघत नाही. नमुना घेण्याआधीच हे बोला.

उचगाव_वाचक
लॅबचं "कॅन्सर पॅकेज" घेतलं तर हे सगळं त्यात येतं का? रक्तातले मार्कर आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) असते.

स्त्रीरोगतज्ज्ञ_कोल्हापूर
नाही. सीए-125, सीईए हे मार्कर निरोगी माणसात कॅन्सर शोधण्यासाठी नाहीत. साध्या कारणांनीही वाढतात, मग सोनोग्राफी, सीटी असा खर्च मागे लागतो. मॅमोग्राफीचं वेगळं आहे. ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीचा 2012 चा हिशेब असा: पन्नाशीपासून 20 वर्षं 10,000 बायकांना बोलावलं तर 43 मृत्यू टळतात आणि 129 जणींना असा कॅन्सर सापडतो जो एरवी कधी त्रास देणार नव्हता. हे ऐकून कुणी हो म्हणेल, कुणी नाही. दोन्ही निर्णय शहाणपणाचे असू शकतात. मात्र स्तनात हाताला गाठ लागली असेल तर हा हिशेब लागूच नाही, तपासून घ्यायचंच.

समाजसेवा_विभाग
सासूबाईंसमोर "येणार का?" विचारलं तर उत्तर सासूबाईच देतात. बचत गटाच्या बैठकीत माहिती द्या, पण होकार-नकार एकटीला विचारा. "नाही" म्हणाली तर कारण वहीत लिहा. पुढच्या भेटीत त्या कारणावरच बोलता येतं. मिश्री लावणाऱ्या बायकांचं तोंडही त्याच दिवशी बघून घ्या, वेगळी फेरी पडत नाही.

आणि पॉझिटिव्ह आलेली बाई उपकेंद्र आणि मोठं हॉस्पिटल यांच्या मधेच हरवते. चिठ्ठीवर "सीपीआरला दाखवा" एवढंच लिहू नका. विभाग, ओपीडीचा वार, सोबत कोण जाणार आणि आशाताईचा फोन नंबर लिहा. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का तेव्हाच बघा. उपचाराची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा अर्ज तिथंच अडकतो, आणि नाव दुरुस्त व्हायला दिवस जातात.