शाळेतला ‘आपले राज्य’ प्रकल्प आणि घरातली जुनी ट्रंक : तुमचे अनुभव लिहा

उदगीरकर

गेल्या रविवारी धाकट्या मुलीसाठी कार्डशीट आणि ट्रेसिंग पेपर आणायला गेलो होतो. आठवीच्या वर्गाला ‘आपल्या राज्याचा इतिहास आणि भूगोल’ असा प्रकल्प मिळाला आहे. दुकानदाराने महाराष्ट्राचा छापील आराखडा पुढे ठेवला आणि मला 1989 सालचा माझा स्वतःचा प्रकल्प आठवला.

तेव्हा मी उदगीरला नववीत होतो. मीही असाच आराखडा विकत आणून वहीत चिकटवला होता, वर लाल शाईने ‘1 मे 1960’ लिहिले होते आणि खाली जिल्ह्यांची यादी दिली होती. भूगोलाच्या सरांनी पहिले पान पाहिले आणि विचारले, “तुझे आजोबा कोणत्या राज्यात जन्मले?” मी “महाराष्ट्रात” असे सांगितले. सर म्हणाले, “घरी जाऊन विचार, आणि जिल्हा कोणता होता तेही विचार.”

आजोबांनी माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली घेतली आणि धोतराच्या घडीत ठेवलेला शाळा सोडल्याचा दाखला काढला. तो सगळा उर्दूत होता. त्यांनी एका ओळीवर उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचून दाखवले : तालुका उदगीर, जिल्हा बिदर. मला वाटले होते की बिदर कर्नाटकात आहे आणि कायमच तिथे होते.

नंतरचे दोन आठवडे मी आजोबांजवळ बसून जे लिहून घेतले, ते थोडक्यात असे. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते : तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कानडी मुलखाचे तीन. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात, म्हणजे कानडी मुलखात मोजले जात. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली आणि संस्थानाचे भारतातील हैदराबाद राज्य झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी या राज्याचे भाषेप्रमाणे तीन भाग झाले. त्या वेळी हे तीन तालुके बिदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आणि द्विभाषिक मुंबई राज्यात आले. 1960 साली महाराष्ट्र झाला आणि 1982 साली लातूर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे त्याच घरात, त्याच लिंबाखाली राहून आजोबांची चार राज्ये आणि तीन जिल्हे झाले होते. “आपण कुठं गेलो न्हाई रे, कचेरीच हालत गेली,” असे ते म्हणाले. त्यांना ते खरोखर जाणवले होते, कारण बिदरला एका दिवसात जाऊन येता येई आणि उस्मानाबादला मात्र मुक्कामाची भाकर बांधून निघावे लागे.

मी ट्रेसिंग पेपरवर तीन नकाशे काढले, ते एकावर एक ठेवून वहीला शिवले आणि सरांना खिडकीच्या उजेडात धरून दाखवले. नद्या तिन्ही कागदांवर एकाच जागी होत्या आणि सीमा मात्र प्रत्येक कागदावर सरकलेल्या होत्या. सरांनी काहीही न बोलता ती वही दिवसभर वर्गात फिरवली.

आपल्या भागात राज्याचा इतिहास-भूगोल शिकताना, शिकवताना किंवा मुलांकडून करून घेताना तुम्हाला काय सापडले, ते कृपया लिहा. पाठ्यपुस्तकातील माहिती सर्वांकडे आहे, म्हणून घरातले, शेतातले आणि गावातले लिहा.

सीमेवरची

वाचताना डोळे भरून आले. माझे माहेर धर्माबादचे आहे आणि आत्या भैंशाला दिलेली आहे. भैंसा, मुधोळ आणि कुबेर ही मंडळे नांदेड जिल्ह्यात होती, ती 1956 साली आंध्र प्रदेशात गेली. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल या मंडळांचेही तसेच झाले. याच्या उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका आणि इस्लापूर मंडळ नांदेडला आले. 2014 साली तेलंगणा वेगळा झाला तेव्हा आत्या फोनवर म्हणाली, “आमचं राज्य पुन्हा बदललं गं.”

डी.एड.ला असताना मी ‘सीमाभागातील भाषा’ असा प्रकल्प घेतला होता आणि चार आठवडी बाजारांत बसून विक्रेता व गिऱ्हाईक कोणत्या भाषेत बोलतात याच्या खुणा वहीत केल्या होत्या. माझ्या लक्षात आले की भाव तेलुगूत ठरतो, उधारी मराठीत सांगितली जाते आणि भांडण ज्याला जी भाषा येते तीत होते. मुलांच्या पहिल्या अक्षरासाठी आमच्याकडची माणसे आजही गोदावरीकाठच्या बासरला, सरस्वतीच्या मंदिरात जातात. तिथे जाताना आपण राज्याची सीमा ओलांडतो, याचा कुणी विचारही करत नाही.

मोबाईलवरून_वाचतो

आमच्याकडे पणजोबांचे एक खरेदीखत आहे. त्यावर ‘1352 फसली’ असे लिहिले आहे. मुलाला प्रकल्पात ते लावायचे आहे. हे इंग्रजी कोणते साल झाले, कुणी सांगेल का?

दप्तरदार

@मोबाईलवरून_वाचतो, हैदराबादच्या फसली सालात 590 मिळवले की ते साल ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. हे साल आजूर महिन्यापासून, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. त्यामुळे तुमचे खत ऑक्टोबर 1942 ते ऑक्टोबर 1943 या काळातील आहे. महिन्याचे नाव वाचता आले तर वर्ष नेमके सांगता येईल. इतर प्रांतांतील फसलीचा हिशेब थोडा वेगळा होता, म्हणून हे गणित फक्त निजामाच्या मुलखातील कागदांना लावावे.

एक विनंती सर्वांनाच आहे. असे कागद कृपया लॅमिनेट करू नका, कारण एकदा चढवलेले प्लॅस्टिक कागद न फाडता पुन्हा निघत नाही. सावलीत, दिवसाच्या उजेडात फोटो काढा, प्रकल्पाला त्याची छापील प्रत लावा आणि मूळ कागद घड्या उलगडून सपाट ठेवा. मी मुलांचे असे तीन प्रकल्प पाहिले आहेत, ज्यांत शंभर वर्षांचा कागद फेव्हिकॉलने चार्टवर चिकटवला होता, आणि ते पाहून मला रात्री झोप आली नव्हती.

तेरणाकाठ

आमचे गाव तेर आहे. गावाबाहेरच्या माणसाला ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून माहीत असते, परंतु सातवाहनांच्या काळात ते तगर नावाचे मोठे व्यापारी नगर होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन्ही बाजारपेठांचा उल्लेख आहे आणि इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई, असे त्यात म्हटले आहे.

लहानपणी आम्हाला यातील काहीही माहीत नव्हते. पहिला मोठा पाऊस पडून गेला की पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवरच्या, मातीत आम्ही मणी वेचायला जात असू. काचेचे, शंखाचे आणि तांबड्या दगडाचे बारीक मणी धुऊन निघालेल्या मातीवर चमकत असत आणि आम्ही ते दोऱ्यात ओवून बाहुलीला घालत असू. सातवीत असताना बाईंनी प्रकल्पासाठी गावातील वस्तुसंग्रहालयात नेले. काचेच्या कपाटात तसेच मणी मांडून ठेवलेले पाहिले आणि आम्ही सगळ्या मुली एकदम गप्प झालो. दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी अकरा जणींनी काड्यापेटीत भरून आपापले मणी आणले आणि बाईंच्या हाती दिले. बाईंनी प्रत्येकीकडून ते कोणाच्या शेतात, कोणत्या बांधाजवळ सापडले ते लिहून घेतले, कारण जागा ठाऊक नसलेला मणी हा नुसता मणी असतो, हे त्यांनी त्या दिवशी आम्हाला समजावले. आज मी स्वतः इतिहास शिकवते आणि अजूनही मुलांना पहिल्या तासाला हेच सांगते.

नाथसागर

तेरणाकाठ ताई, फार सुंदर लिहिले आहे. पैठणलाही पांढरीवर असेच मणी सापडतात. आमच्या मातोश्री त्यांना ‘देवाचे मणी’ म्हणत.

भूगोल_शिक्षक_निवृत्त

मी बत्तीस वर्षे बीड जिल्ह्यात भूगोल शिकवला. राज्याचा भूगोल म्हटले की मुले ‘सह्याद्री, कोकण, पर्जन्यछायेचा प्रदेश’ असे पाठ म्हणून दाखवतात, पण आपण त्याच पर्जन्यछायेत बसलो आहोत, हे त्यांना जाणवत नाही. म्हणून मी प्रकल्पात पाऊस मोजायला लावत असे. सरळ उभ्या कडांचा डबा उघड्या माळावर ठेवायचा आणि रोज सकाळी साडेआठला मोजपट्टीने आतील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहायची. डब्याचे तोंड लहान असो की मोठे, कडा सरळ असतील तर उंची सारखीच येते, हे मुले दोन डबे शेजारी ठेवून स्वतः पडताळून पाहत.

एका वर्षी सप्टेंबरमध्ये रात्रभर पाऊस झाला आणि गावातील चारही डब्यांत पाणी पासष्ट मिलिमीटरच्या वर गेले. महसूल मंडळाचे पर्जन्यमापक मात्र दुसऱ्या गावात होते आणि तिथे पन्नासही भरले नव्हते. अतिवृष्टी धरण्यासाठी चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो आणि नोंद मंडळाची धरली जाते. सोयाबीन आणि कापूस पाण्याखाली असताना गावाची नोंद कोरडीच राहिली. त्या वर्षी मुलांनी नकाशावर मंडळाच्या सीमा स्वतःहून काढल्या, मला सांगावे लागले नाही. शाळेच्या डब्याला कायद्यात किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ग्रामसभेत सहावीच्या एका मुलीने उभे राहून चार महिन्यांची वही वाचून दाखवली, तेव्हा सगळे गाव शांतपणे ऐकत होते.

याच मुलांना मी एकदा पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात मांजरेचा उगम पाहायला नेले. ही नदी आधी आग्नेयेला जाते, तेलंगणात पुढे उत्तरेकडे वळते आणि शेवटी गोदावरीला मिळते. वरील प्रतिसादात आलेली बिदर, लातूर आणि नांदेड ही तिन्ही नावे तिच्या एकाच वाटेवर आहेत, हे उदगीरकरांच्या मुलीने जरूर दाखवावे.

पुनर्वसित

आम्ही औसा तालुक्यातील आहोत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला, त्याच्या आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झाले होते. मी तेव्हा पाच वर्षांची होते. माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी ‘राज्यातील नैसर्गिक आपत्ती’ हा प्रकल्प घेतला आणि आजीला विचारायचे ठरवले. आम्ही घरातील सर्वांनी त्याला नको म्हटले, कारण आजी त्या रात्रीविषयी कधीच बोलत नाही.

आजी त्या रात्रीविषयी तेव्हाही बोलली नाही. तिने त्याला जुन्या गावठाणात नेले, उरलेल्या एका भिंतीला हात लावून तिची रुंदी दाखवली आणि माळवद कसे घालत ते सांगितले : आधी सागाची तुळई, मग आडवी लाकडे, त्यावर पाला आणि त्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी नवी पांढरी माती. “उन्हाळ्यात गार राहायचं, म्हणून आम्ही दरसाल माती टाकत गेलो,” एवढेच ती म्हणाली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर वर्षानुवर्षे वाढत गेलेले ते ओझे यांमुळे झोपलेली माणसे गाडली गेली. भाच्याने जुन्या आणि नव्या घराचा उभा छेद शेजारी-शेजारी काढला आणि मातीच्या थरावर बाण करून ‘दरसाल’ असा एकच शब्द लिहिला. त्याला किती गुण मिळाले ते मी विचारले नाही.

दप्तरदार

@पुनर्वसित, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आजींना नमस्कार सांगा.

कयाधू

आमच्या हिंगोलीच्या शाळेत ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या उपक्रमात महाराष्ट्राच्या जोडीला असलेल्या ओडिशावर प्रकल्प झाला. भाषेच्या आधारावर बनलेला तो पहिला प्रांत, 1 एप्रिल 1936 रोजी अस्तित्वात आला. मुलांना सर्वांत नवल वाटले ते असे की 1751 ते 1803 या काळात तिथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. एका मुलाने विचारले, “सर, मग तिकडच्या पुस्तकात आपल्याबद्दल काय लिहिलेले असेल?” बंगाल-ओडिशाकडे ‘बर्गी’ या शब्दाची, म्हणजे स्वारी करणाऱ्या मराठा घोडेस्वारांची, भीती लहान मुलांना घालत, हे मी त्यांना सांगितले. त्या दिवशी वर्गात जी चर्चा झाली, तशी माझ्या नोकरीत पुन्हा झाली नाही.

उदगीरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मांजरेची सूचना मुलीने लगेच स्वीकारली आणि निळी रेघ काढूनही झाली. @दप्तरदार, आपण म्हणालात त्याप्रमाणे आजोबांच्या दाखल्याचा सावलीत फोटो काढून तुम्हाला पाठवला आहे. आजोबा 2003 साली गेले, त्यानंतर तो कागद घरात कुणालाच वाचता आलेला नाही. सवड मिळेल तेव्हा पाहावे.

दप्तरदार

फोटो स्पष्ट आला आहे. तालुका आणि जिल्हा आपण सांगितले तसेच आहेत. दाखला 1357 फसलीचा, म्हणजे ऑक्टोबर 1947 नंतरचा आहे. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात ‘नक्ले मकानी’ लिहिले आहे. याचा अर्थ राहते ठिकाण सोडून दुसरीकडे जाणे. आपल्या आजोबांचे कुटुंब त्या वर्षी उदगीर सोडून गेले होते का? रझाकारांच्या त्या काळात सीमेवरच्या अनेक कुटुंबांनी संस्थानाबाहेर, मुंबई प्रांतात आसरा घेतला होता.

उदगीरकर

काल रात्री आजोबांच्या धाकट्या बहिणीला पुण्याला फोन केला. त्यांचे वय आता 86 आहे. मी विचारल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, “बार्शीला होतो आपण. एका वाड्याच्या ओसरीवर सात घरं. दिवाळीनंतर परत आलो तवा दाराला कडी नव्हती.”

आजोबांनी हे मला कधीच सांगितले नव्हते. मुलीने आज ट्रेसिंग पेपरचा चौथा तुकडा कापला आहे. त्यावर सीमा नाहीत, फक्त उदगीरपासून बार्शीपर्यंत जाणारी आणि परत येणारी तुटक रेघ आहे.