गाईडबरोबर नदीवर गळ टाकायला गेला होतात? जायच्या आधीचं नियोजन कसं केलंत?

मासा केवढा मिळाला यापेक्षा, निघण्याआधी काय ठरवलं होतं आणि त्यातलं काय कामी आलं ते लिहा. सुरुवात मी करते.

मी आधी रजा टाकली, मग नदीची चौकशी केली. वरच्या अंगाला दोन दिवस पाऊस झालेला. पाण्यात हात घातला तर स्वतःची बोटं दिसेनात. गाईड म्हणाला, "आमिष माशाला दिसायला तर हवं!" त्याने आम्हाला एका लहान उपनदीवर नेलं. लहान प्रवाह मोठ्या नदीच्या आधी निवळतात, हे तेव्हा कळलं. आता बुकिंग करतानाच विचारते: पाणी गढूळ झालं तर कुठे नेणार, आणि तारीख पुढे ढकलता येईल का?

*

माझ्या गाईडने फोनवर इतके प्रश्न विचारले की मी वैतागलो. पोहता येतं का, गुडघे कसे आहेत, यापूर्वी गळाची काठी हातात धरली आहे का. बरोबर बाबा होते, वय 71. शेवाळलेल्या गोट्यांवर, वाहत्या पाण्यात त्यांना उभं राहणं जमलंच नसतं. गाईडने बोट ठरवली. दुपारी बाबांच्या काठीचं टोक दोनदा थरथरलं, मग एकदम वाकलं, आणि दोरी गुंडाळायचं रीळ करकरायला लागलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही! तब्येतीचं काही लपवू नका, एवढंच सांगेन.

*

ऐन उन्हाळ्यात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी गेलो होतो. पैसे पूर्ण दिवसाचे भरलेले, आणि अकराच्या सुमारास गाईडने पाण्यात थर्मामीटर बुडवून काठ्या गुंडाळायला सांगितल्या. 20 अंश. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. गळाशी झुंजून दमलेला ट्राउट सोडून दिला तरी जगेलच असं नाही. तेव्हा राग आला होता. आता उन्हाळ्यात मी फक्त पहाटेची वेळ मागतो, आणि गाईड मात्र तोच.

*

धरणाखालच्या पट्ट्यात जाणार असाल तर पाणी कधी सोडतात ते आधी विचारून घ्या. आकाश निरभ्र असतानाही पातळी चढते. परवान्यात कोणते मासे ठेवता येतात, तेही बघा.

*

मासा सोडायचा असेल तर तेही आधीच बोलून ठेवा. आमच्या गाईडने निघण्यापूर्वीच प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला. हात ओले करूनच मासा धरायचा, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, आणि तोच त्याला रोगांपासून जपतो. फोटोची तयारी आधी, मासा पाण्याबाहेर नंतर. मी त्याला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत अलगद धरला. कल्ले उघडत-मिटत होते. मग शेपटीचा एक फटका माझ्या मनगटावर बसला आणि हात रिकामे झाले.