संक्षेप द्या, पण आयन फोडू नका
रासायनिक सूत्र लिहिताना एकाची संयुजा (इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता दाखवणारा आकडा) दुसऱ्याच्या अणूंची संख्या म्हणून लिहायची, असं इथे एकाने सांगितलंय. ही अदलाबदल ॲल्युमिनियम ऑक्साइडला चोख चालते: ॲल्युमिनियमचे अणू २, ऑक्सिजनचे ३. पण त्यापुढचा ‘शेवटी संक्षेप द्यायचाच’, म्हणजे अणूंचं गुणोत्तर लहानात लहान करायचंच, हा सल्ला डोळे मिटून पाळू नका. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये २:२ चं १:१ होतं, ठीक. सोडियम पेरॉक्साइडमध्ये मात्र २:२ तसंच ठेवावं लागतं. तिथे ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या जोडीवर मिळून उणे २ प्रभार असतो, म्हणजे ती अख्खी जोडी हाच एक आयन (प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट). मर्क्युरस क्लोराइडचंही तेच, फक्त तिथे जोडी पाऱ्याच्या अणूंची.

धातूच्या नावाच्या शेवटी येणाऱ्या ‘इक’बद्दल ‘इक म्हणजे ३’ असंही एकाने लिहिलंय. ते फेरिकला (लोखंड) लागू पडतं, पण सगळीकडे नाही. क्युप्रिकवर (तांबं) अधिक २, स्टॅनिकमध्ये (कथील) ४. इक म्हणजे त्या धातूच्या दोन नेहमीच्या संयुजांपैकी मोठी, एवढंच. म्हणून मला कंसात रोमन आकडा लिहायची पद्धत जास्त सरळ वाटते. फक्त तो आकडा प्रभाराचा असतो, अणूंच्या संख्येचा नाही. फेरिक ऑक्साइडच्या नावात कंसात तीन येतो, सूत्रात लोखंडाचे अणू २च.

आणि अमोनियम सल्फेट लिहिताना अमोनियमला (NH₄, असे दोन लागतात) कंस घाला हो, नाहीतर ४ शेजारी २ बसून हायड्रोजन ४२ होतात!