दहा सेकंदांत वजीर देणाऱ्यांसाठी

प्याद्याची_वाट

काल रात्री 'उंटावरचा_शहाणा' यांनी एक पट टाकला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी (उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८):

पांढरा: राजा ई१, वजीर एच५, हत्ती ए१ आणि एच१, उंट डी३, घोडे ई४ आणि ई५, प्यादी ए२, बी२, सी२, डी४, एफ२, जी२, एच२.
काळा: राजा जी८, वजीर ई७, हत्ती ए८ आणि एफ८, उंट बी७ आणि एफ६, घोडा बी८, प्यादी ए७, बी६, सी७, डी७, ई६, जी७, एच७.

खाली मजकूर: "पांढऱ्याची चाल, आठ चालींत मात. विश्वविजेत्या लास्करचा अजरामर हल्ला. मला दहा सेकंद लागले. पहिल्या मिनिटात वजीर द्यायचं ज्याला सुचत नाही त्याने कॅरमकडे वळावं."

गप्प बसणार होतो. कॅरमच्या वाक्याने झोप उडवली, म्हणून सविस्तर.

साहेब, दहा सेकंदांत तुम्ही हे सोडवलं नाही, ओळखलं. ओळखण्यात पाप नाही, पण मग तसं सांगा. अवघड काय आहे ते ऐका. हा पट समोर आला की माझ्यासारख्याचा हात आधी घोड्याकडे जातो. ई४चा घोडा एफ६वर, उंट मारला, शह. वजिराने घोडा घेतला तर एच७वर मात. झालं! पण वजीर घेतच नाही, जी७चं प्यादं घेतं. ते हललं की ई७वरून एच७पर्यंत सातवी ओळ मोकळी होते, काळा वजीर बसल्या जागेवरून एच७ राखतो, आणि वर तेच प्यादं ई५च्या घोड्याच्या अंगावर येतं. वजीर ई७वर उगाच नव्हता ठेवला.

म्हणजे कोडं 'वजीर द्या' हे नाहीच. तेच दोन मोहरे, तीच दोन घरं, फक्त क्रम उलटा. आधी वजीर एच७वर. राजाला तो घ्यावाच लागतो. आता घोडा एफ६वर, आणि हा शह दुहेरी: घोड्याचा आणि मागून डी३च्या उंटाचा. प्याद्याने घोडा मारून भागत नाही, राजालाच पळावं लागतं. एच८ला गेला तर दुसरा घोडा जी६वर, मात. म्हणून एच६. मग ई५चा घोडा जी४वर, राजा जी५, आणि तिथून त्याची वरात पांढऱ्याच्या दारापर्यंत.

आता तुमच्या 'आठ चालीं'विषयी. सात! राजा जी५ला आल्यावर प्रत्यक्ष डावात एच४ खेळलं गेलं. त्याजागी एफ४ खेळा. राजा एच४, प्यादं जी३ शह, राजा एच३, उंट एफ१ शह, काळा उंट जी२वर आडवा, घोडा एफ२, मात. ज्याने मोजलं त्याला सात सापडतात. ज्याला आठवलं त्याला आठ.

आणि हा लास्कर विश्वविजेता नव्हे. १८९४ ते १९२१ गादीवर होता तो इमॅन्युएल. हा एडवर्ड, पेशाने इंजिनिअर. डाव लंडनचा, १९१२.

उंटावरचा_शहाणा

एका पटावर एवढा निबंध. बरं.

एडवर्ड-इमॅन्युएल मान्य, टायपो होता. बाकी काहीही मान्य नाही. ओळखणं म्हणजेच बुद्धिबळ. आमच्या मंडईतली मावशी मेथीची जुडी हातात घेऊन वजन सांगते, तिला तुम्ही 'तराजू लावला नाहीस, हे खरं ज्ञान नव्हे' म्हणणार का? राजाच्या बाजूला दोन घोडे, उंट आणि वजीर जमले की माझा हात आपोआप एच७वर जातो. वीस वर्षं घातली आहेत त्यात. आणि सात काय, आठ काय, मात ती मातच. एक चाल जास्त जगला म्हणून समोर हरलेल्या थॉमसला अर्धा गुण मिळाला का?

रविवारची_शिकवणी

हात आपोआप जातो ना, तेच तर दुखणं आहे. मी घरी आठ-दहा मुलांना शिकवते. गेल्या मे महिन्यात माझी एक नऊ वर्षांची विद्यार्थिनी स्पर्धेत चौथ्या फेरीत चांगल्या डावात होती. पट बघून तिला 'कोडं' आठवलं. दिला वजीर एच७वर. राजाने घेतला. मग तिच्या लक्षात आलं की डी३वर उंट नाहीच, तो तिने तीन चालींपूर्वी बदलला होता. बाहेर येऊन मला म्हणाली, "ताई, मोबाइलमध्ये तर नेहमी जमतं." मोबाइलमध्ये जमतं, कारण तिथे कोडं आहे हे आधीच माहीत असतं. खऱ्या डावात कोणी घंटा वाजवून सांगत नाही की आता बलिदान द्या.

अवघड कोडं पाहिजे तर खऱ्या विश्वविजेत्याचं घ्या. लास्कर विरुद्ध बाउअर, ॲमस्टरडॅम १८८९. दोन्ही उंट दिले, एक एच७वर, एक जी७वर. तिथपर्यंत माझी मुलंही जातात. पण नंतर काळा हत्तीच्या बदल्यात वजीर देऊन मात टाळतो, आणि सगळं शांत झाल्यावर लास्करचा वजीर डी७वर जातो. शह नाही, मारामारी नाही. फक्त बी७ आणि ई७चे दोन्ही उंट एकदम धोक्यात, एक जाणारच. ही चाल आधी दिसली नसेल तर दोन उंट देण्याची हिंमत नाही करायची.

अडीच_घरं

तुमचं चालू द्या, पण या डावावरून माझी जुनी जखम उघडली. शेवटची चाल! राजा जी१वर पोचलाय, लास्करने राजा डी२ला नेऊन मागच्या हत्तीचा शह दिला. पण वजिराच्या बाजूला किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) केला तरी मातच होते! हत्ती डी१वर, तोच शह, तीच मात.

कॉलेजात असताना एका क्लबच्या कोडी सोडवण्याच्या स्पर्धेत नेमकं हेच आलं. मी पूर्ण ओळ लिहिली, शेवटी किल्लेकोट लिहिला. शून्य. विचारलं तर म्हणे "उत्तर राजा डी२ आहे". किल्लेकोटाने मात द्यायची संधी माणसाला आयुष्यात किती वेळा येते? आणि ती आली तेव्हा मला भोपळा!

प्याद्याची_वाट

अन्याय झाला खरा, पण थोडं त्यांच्याही बाजूने. रचलेल्या कोड्यात शेवटी दोन उत्तरं निघाली तर ते सदोष धरतात. परीक्षक तसे वाढलेले असतील.

अडीच_घरं

हे रचलेलं नाही, खेळलेलं आहे! दोष कोड्याचा असेल तर गुण माझे का कापता? वा रे न्याय.

उंटावरचा_शहाणा

राजा डी२च बरोबर. किल्लेकोटात दोन मोहरे हलतात, उगाच दिखाऊपणा. आणि घाईत आधी हत्तीला हात लागला की फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमाने हत्तीच खेळायचा. राजा ई१वरच, मध्ये आडवा, शह नाही, मात गेली. बसा रडत.

अडीच_घरं

वजीर फुकट देणारा माणूस मला दिखाऊपणा शिकवतोय!! आणि हत्तीला आधी हात लावायला मी काय काल शिकलोय का? तुमचं सदस्यनाम तुम्हीच घेतलं की लोकांनी दिलं?

सांगलीकर_हत्ती

भांडू नगा. आमच्या आजोबांच्या डावात किल्लेकोट नव्हताच. जुनं हिंदुस्थानी बुद्धिबळ. राजाला एकदाच, अन् तेही आधी शह बसला नसेल तरच, घोड्यासारखी अडीच घरांची उडी. आजोबा सायंकाळी ओट्यावर पट मांडायचे. हरायला लागले की सगळे मोहरे मारून घ्यायचे अन् 'बुर्जी झाली, डाव बरोबरीत' म्हणून उठायचे. त्यांना सरळ हरताना मी एकदाच बघितलं, प्यादेमात खाल्ली होती. दोन दिवस बोलले नव्हते कुणाशी.

तर या डावात शेवटी पांढऱ्याच्या राजाला शह बसलेलाच नाही. ई१वरनं डी३ला उडी मारली तरी हत्ती मोकळा, मातच. लिहा तिसरं उत्तर.

अडीच_घरं

काका, हे त्या परीक्षकांना कळलं असतं तर मला वजा गुण दिले असते.

स्ट्रायकर

मी बुद्धिबळ खेळत नाही, बायकोने धागा दाखवला म्हणून आलो. "कॅरमकडे वळावं" म्हणजे नक्की काय हो? आमच्या चाळीत पोरं रात्री दोनपर्यंत बोर्डावर असायची. क्वीन घेतली की लगेच कव्हर लागतं, नाही मिळालं तर परत ठेवा. आमच्यात क्वीनची एवढी इज्जत आहे. तुम्ही ती पहिल्याच चालीला फुकट देता आणि वर आम्हाला शिकवता.

शटलकॉक_सातारा

स्ट्रायकर, शंभर टक्के. आणि हे सगळे लास्कर लास्कर करतायत, मात खाणारा कोण होता ते विचारा. सर जॉर्ज थॉमस! ज्यांच्या नावाचा करंडक २०२२ साली बँकॉकला इंडोनेशियाला ३-० हरवून आपण आणला, तेच हे थॉमस. ऑल इंग्लंड बॅडमिंटनचं एकेरीचं विजेतेपद सलग चार वेळा, १९२० ते १९२३. ब्रिटिश बुद्धिबळ विजेतेपद दोनदा, १९२३ आणि १९३४. म्हणजे १९२३ साली दोन्ही एकदम! आणि १९३४-३५च्या हेस्टिंग्जला याच माणसाने माजी विश्वविजेता कापाब्लांका आणि पुढे विश्वविजेता झालेला बोटविन्निक दोघांना हरवलं. 'दुसऱ्या खेळाकडे वळा' हा टोमणा नेमका या माणसाच्या डावाखाली मारलात, शहाणे!

उंटावरचा_शहाणा

थॉमस कपवाले थॉमस हेच, हे खरंच माहीत नव्हतं. कॅरमचं वाक्य मागे. बॅडमिंटनबद्दल मी काही बोललोच नव्हतो.

स्ट्रायकर

मागे घेतलं तरी क्वीन परत बोर्डावर ठेवा आधी.

रविवारची_शिकवणी

एवढ्या गोंधळात माझ्या मुद्द्यावर कोणी बोललंच नाही. असो, सवय आहे.

उंटावरचा_शहाणा

ताई, तुमच्या मुद्द्यावर बोलायला तोंड नाही म्हणून बोललो नाही. लग्नाच्या आदल्या वर्षी पुण्यात एका खुल्या स्पर्धेत मीही हेच केलंय. फरक एवढाच, मी नऊ वर्षांचा नव्हतो. बाउअरचा डाव काल रात्री पटावर मांडला. वजीर डी७ मला दिसली नाही. किती वेळ लागला ते सांगणार नाही.

पण प्याद्याची_वाट, तुम्हीही फार मिरवू नका. तुमचा एफ४ तपासला. राजा एच४ला गेला तर मात हे दाखवलंत. त्याने ते एफ४चं प्यादंच मारलं तर? ते तुमच्या निबंधात नाही. मोजलं होतं की संगणकावरच्या बुद्धिबळ इंजिनकडून आठवलं होतं?

प्याद्याची_वाट

…लिहायचं राहिलं.

बरं, इंजिनकडून. राजाने प्यादं घेतलं की जी३ शह. राजा परत जी५ला गेला तर एच४, मात. एफ३ला घुसला तर तिथे नुसता हत्ती एफ१वर आणून भागत नाही, राजा जी२मधून सटकतो. जी२ राखायला पांढरा राजा जी१वर लागतो आणि हत्ती एफ१वर, दोन्ही एकाच चालीत. म्हणजे…

अडीच_घरं

किल्लेकोट!!! छोटा किल्लेकोट! आणि इथे दुसरं उत्तरच नाही! राजा डी२वाल्यांनी आता बोलावं! पंचवीस वर्षं झाली हो मला!

उंटावरचा_शहाणा

दिले. तुमचे गुण दिले. आता झोपा.

सांगलीकर_हत्ती

आमच्या राजाची उडी चालते का बघितलं. जी२वर उडाला तर थेट काळ्या राजाला खेटतोय, नाही चालत. पण तसंही आजोबांच्या डावात प्यादं पहिल्या चालीला एकच घर पुढं जायचं. तुमचं ते एफ४ झालंच नसतं.