डावखुरा म्हणजे 'उजव्या मेंदूचा' नव्हे

'डावखुऱ्यांचा उजवा मेंदू जास्त चालतो, म्हणून ते कलाकार आणि म्हणूनच हळवे, नैराश्याकडे झुकणारे' हे म्हणणं काही पटलं नाही. डावा हात उजव्या मेंदूच्या ताब्यात असतो हे खरं, पण बोलण्याचं केंद्र उजव्या हाताने काम करणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांत आणि डावखुऱ्यांपैकीही साधारण ७० टक्क्यांत मेंदूच्या डाव्याच गोलार्धात (अर्ध्या भागात) असतं. नैराश्याचं म्हणाल, तर अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा डावखुरेपणाशी त्याचा संबंध दिसला नाही. स्किझोफ्रेनियात (भास-भ्रम होणाऱ्या मनोविकारात) मात्र डावखुऱ्यांचं आणि एका कामाला हा हात, दुसऱ्याला तो, अशा मिश्र सवयीच्या लोकांचं प्रमाण जास्त आढळतं. अर्थात तो समूहाचा कल. त्यावरून घरातल्या डावखुऱ्या पोराचं भविष्य सांगत बसू नये.

मी स्वतः मिश्र, पण जन्माने नव्हे, पट्टीने. दुसरीत बाईंनी उजव्या हाताने लिहायला लावलं, तीर्थाला डावा हात पुढे केला की आजीची चापट ठरलेली. आता लिहितो उजव्याने, बॅट मात्र डावखुरीच, कात्रीही डाव्याच हातात जाते (आणि कापड चुरगळतं). पंगतीत वाढताना कुठला हात पुढे करायचा म्हणून अजूनही क्षणभर थबकतो.