तो अननस नाही, केवडा आहे

पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवरच्या लढाईच्या काटेरी डोक्याच्या सोट्याला 'अननस गदा' म्हणतात, आणि ती जड डोक्याने ठेचायची गदा असं समजलं जातं. नाव गोऱ्यांनी पाडलं आणि संग्रहालयांच्या पाट्यांवर चिकटून बसलं. पण अननस मुळात दक्षिण अमेरिकेचा. फिजीच्या लोकांनी ज्याच्यावरून आकार घेतला ते पँडॅनसचं फळ, म्हणजे आपल्या केवड्याच्या जातकुळीतलं. (कोकणात समुद्रकाठच्या केवड्याच्या बनात ते फळ पाहिलं असेल तर अननसाचा घोटाळा कसा झाला ते लगेच कळतं.) तिकडे या हत्याराला 'टोटोकिया' म्हणतात. आणि 'जड डोक्याने ठेचायचं' हेही अर्धंच खरं. डोक्याच्या पुढे जी चोच असते ना, काम तिचं. सगळं वजन तिच्यामागे, त्यामुळे लांब हात फिरवायची गरज नाही. छोट्या झटक्यात कवटीला भोक. फेकून मारायचा आखूड सोटा वेगळा, 'उला', तो कमरेला खोचलेला असे.

फिजीच्या गदांबद्दल आणखी एक गोष्ट. 1874 मध्ये फिजी ब्रिटिशांच्या हवाली करताना राजा थाकोम्बाऊने आपली आवडती गदा राणी व्हिक्टोरियाला पाठवली. तिच्यावर चांदीची पानं आणि कबुतरं मढवलेली आहेत. 1932 मध्ये पाचव्या जॉर्जने ती परत केली आणि ती तिथल्या विधिमंडळाचा राजदंड झाली. आजही फिजीच्या संसदेत तीच असते. डोकी फोडायची वस्तू सभागृहात, हे मला तरी फारसं विसंगत वाटत नाही.